परबकाकांची पुडी

परबकाकांना माणसांची नावं लक्षात राहायची नाहीत, आजार राहायचे. "अगं स्मिता, ते थायरॉइड येऊन गेलं का गं सकाळी?" असं ते भर दुकानात मला विचारायचे. कोणी डावा गुडघा, कोणी जुना दमा, कोणी नुसतीच अ‍ॅसिडिटी. एकदा तर रस्त्याच्या पलीकडून चाललेल्या एका सज्जन गृहस्थाला त्यांनी हाक मारली, "ओ मूळव्याध! तुमचं मलम आलंय!" त्या माणसाने वळून बघितलं नाही, चालायचा वेग मात्र वाढवला. पुन्हा तो आमच्या दुकानाच्या बाजूने कधी चालला नाही. मी म्हटलं, "काका, घालवलंत ना गिऱ्हाईक?" तर म्हणाले, "अगो, पण मलम आलंय हे त्याला कळायला नको?"

कोपरीत, ठाणे स्टेशनच्या पूर्वेला, त्यांचं औषधांचं दुकान होतं. फार्मसीचा डिप्लोमा झाल्यावर मी तिथे लागले ती बरीच वर्षं राहिले. आता मी माजिवड्याला एका भल्यामोठ्या दुकानात एसीत बसते. तिथे गिऱ्हाइकाला नाव असतं, मोबाइल नंबर असतो, पॉइंट असतात. काय दुखतंय ते कोणी कोणाला विचारत नाही. परवा काकांच्या मुलाचा फोन आला, बाबा गेले, गावी, झोपेतच. कणकवलीच्या पुढे त्यांचं गाव. मी "अरे देवा" म्हटलं आणि समोरच्या बाईला खोकल्याचं औषध देताना मला रडू यायला लागलं. बाई म्हणाली, "मॅडम, बिल?" माणसाला रडायला पण वेळ देत नाहीत हल्ली.

काका ठेंगणे, गोरे, केसांना तेल लावून चापून बसवलेले. पांढरा शर्ट बाहेर सोडलेला, खिशात कात्री. ही कात्री म्हणजे त्यांचा जीव. गोळ्यांची पट्टी ते अशी कापायचे की शेवटच्या गोळीपर्यंत तारीख दिसली पाहिजे. मी घाईत कशीतरी कापली की पट्टी हातातून काढून घ्यायचे. औषध देताना प्रत्येकाला एकच प्रश्न, "पोटात काही गेलंय का?" सकाळी चहा-बिस्किटावर आलेल्याला ते गोळी द्यायचे नाहीत. आधी पाठवायचे समोर, उपमा खाऊन ये म्हणून. एक आजी रोज ब्लडप्रेशरची एकच गोळी न्यायला यायच्या. मी म्हटलं, आजी, पट्टी घेऊन जा की एकदम. काकांनी मला डोळ्याने दटावलं. आजी गेल्यावर म्हणाले, "मेल्या पट्टीशी ती बोलणार आहे का?"

सगळ्यात प्रसिद्ध होती काकांची पुडी. ताप आला, अंग मोडून आलं, की आधी काकांकडे यायचं ही कोपरीतली रीतच होती. डॉक्टरकडे जायचं ते पुडीने बरं वाटलं नाही तर. कागदाच्या छोट्या पाकिटात काका बरणीतल्या गोळ्या भरायचे: एक तापाची, एक अंगदुखीची, एक पित्ताची. पाकिटावर पेनने सूर्य आणि चंद्र काढायचे, सकाळी आणि रात्री घ्यायची म्हणून. गोळ्यांची नावं कोणी विचारायचं नाही. "काकांची पुडी घेतली" एवढं म्हटलं की घरच्यांना समाधान. माझ्या आईलासुद्धा माझ्यापेक्षा त्या पुडीवर जास्त भरवसा, आणि मी तेच शिकून आलेली!

मी नवी असताना एक-दोनदा म्हटलेलं, काका, चिठ्ठीशिवाय दुखण्याची गोळी नका देऊ, पावसाळ्यात तर नकोच. डेंग्यू असला तर रक्त पातळ करणाऱ्या असल्या गोळ्या महागात पडतात. काका हसले. "तुझ्या पुस्तकातला डेंग्यू हा. आमच्या वेळी नुसता ताप असायचा." वर म्हणाले, "माणूस कामावर जायचा खोळंबलाय, त्याला काय म्हणू? रक्त तपास आणि चार दिवस घरी बस? पगार कोण देईल, तू?" खरं सांगायचं तर माणसं पुडीने बरी होतच होती. मी पुन्हा पट्ट्या कापायला लागले.

दुकानाला लागूनच मंगेशची फुलांची टपरी. तो आणि त्याची बायको सुषमा, दोघं पहाटेपासून हार ओवत बसायचे. मंगेश बोलघेवडा, सुषमा त्याच्या उलट. दहा वाक्यं तो बोलणार, तेव्हा ती एखादा हुंकार देणार. आमच्या दुकानातल्या गणपतीचा हार मंगेशकडून यायचा आणि काका त्याला रोज काहीतरी टोमणा मारायचे. "आज झेंडू कालचाच वाटतो रे." मंगेश म्हणायचा, "काका, तुमच्या गोळ्यांवर तारीख असते, माझ्या फुलांवर नसते, तेवढं बरंय."

त्या वर्षी नवरात्र तोंडावर आलेलं. टेंभी नाक्याच्या बाजूच्या दोन-तीन मंडळांची हार-वेण्यांची ऑर्डर मंगेशने घेतलेली. फुलवाल्याचं वर्ष या नऊ दिवसांवर निघतं. आणि नेमका तो तापाने फणफणला. दुकानाच्या पायरीवर येऊन बसला, डोळे लाल, डोळ्यांच्या मागे ठणकतंय म्हणाला, हाडं कोणी कुटल्यासारखी झाली आहेत म्हणाला. "काका, काहीतरी जोरदार द्या. मला आत्ता झोपून नाही चालणार."

"पोटात काही गेलंय?" काकांनी विचारलं.

"सुषमाने भाकरी दिलीय."

काकांनी पुडी बांधली. नेहमीपेक्षा दुखण्याची गोळी जास्त पॉवरची घातली. त्याला उभं राहायचं होतं ना. डोळ्यांच्या मागे दुखणं ही डेंग्यूची खूण, हे मला माहीत होतं. मी म्हटलं, "मंगेश, रक्त तपासून घे रे." मंगेश म्हणाला, "दसऱ्यानंतर." आणि काकांनी सूर्य-चंद्र काढून पाकीट त्याच्या हातात दिलं.

दोन-तीन दिवसांनी ताप उतरला. काका खूश! मंगेश टपरीवर आला, तेव्हा हाताने त्याचं कपाळ चाचपून म्हणाले, "बघ, बर्फासारखं झालंय. आता घरी जाऊन गरम पाण्याने आंघोळ कर, मऊभात खा." ताप गेला म्हणजे आजार गेला, असंच आपण सगळे मानतो. डेंग्यूचं तिथेच तर उलटं असतं. ताप उतरल्यावरचे ते दोन दिवसच खरे वाईट. रक्तातलं पाणी शिरांमधून बाहेर झिरपायला लागतं, वरून माणूस गार आणि शांत दिसतो. मंगेश गार होता, शांतही होता. मंगेश शांत! त्यावरूनच कळायला हवं होतं आम्हाला. घरी न जाता तो टपरीवरच बसला, दुपारी त्याला उलट्या झाल्या. पोटात दुखतंय म्हणाला. संध्याकाळी सुषमा टपरीतून आमच्या दारात आली आणि एवढंच म्हणाली, "ह्यांच्या हिरड्यांतून रक्त येतंय."

काकांच्या हातातली कात्री खाली पडली. ते काउंटरमागून कसे बाहेर आले मला कळलंच नाही. आडवं फळकूट उचलायचं असतं, ते त्यांनी उचललं नाही, खालून वाकून आले, त्या वयात. रिक्षात मंगेशला मांडीवर घेऊन बसले. इस्पितळात डॉक्टरांनी विचारलं, काय औषधं घेतली? सुषमा आत कागदांवर सह्या करत होती. काकांनी डॉक्टरांना गोळ्यांची नावं सांगितली, पॉवर सांगितली, आपणच दिल्या म्हणून सांगितलं. डॉक्टरांनी मान वर करून त्यांच्याकडे बघितलं, लिहून घेतलं. मी शेजारीच उभी होते. काकांचे कान लाल झाले होते.

प्लेटलेट खूप खाली गेलेल्या, पोटात रक्तस्राव झालेला. सलाईन लागलं, दर थोड्या वेळाने रक्त तपासत होते, लघवी मोजत होते. कोपरीतली अर्धी माणसं रक्त द्यायला आली, ती काकांनीच फोन करून गोळा केली. इथेही त्यांना नावं आठवेनात. "अगो, तो बी पॉझिटिव्ह कुठे राहतो?" कोणीतरी पपईच्या पानांचा रस घेऊन आला. काका त्याच्या अंगावर धावून गेले. "आणखी काही त्याच्या पोटात घालू नका! एक घातलंय ते पुरे आहे!" त्या माणसाला बिचाऱ्याला काय कळणार, हे कशावरून चिडलेत.

इस्पितळाबाहेरच्या बाकावर काका बसून राहायचे. दुकान मी उघडायचे. मी डबा घेऊन गेले की विचारायचे, "सही कोणाची घेतली गो आज?" म्हणजे जिवाला धोका आहे म्हणून डॉक्टर घेतात त्या कागदावर. एकदा मला म्हणाले, "ती गोळी नसती दिली तरी असंच झालं असतं का? तुला काय वाटतं?" मी म्हटलं, "काका, तसं सांगता येत नाही. गोळी न घेताही कित्येकांना रक्तस्राव होतो." "डॉक्टर पण तेच म्हणाले," काका म्हणाले. "सांगता येत नाही म्हणाले. नक्की हो म्हणाले असते तर बरं झालं असतं."

मंगेश वाचला. घरी आला तेव्हा अंगावर कपडे लोंबत होते, पण पहिल्याच दिवशी दहा वाक्यं बोलला. आणि बघता बघता कोपरीत गोष्ट अशी झाली की परबकाकांनी मंगेशला मरणाच्या दारातून ओढून आणला. रिक्षा काकांनी पकडली, रक्त काकांनी गोळा केलं, रात्रंदिवस काका बाकावर. सगळं खरंच होतं हो! खोटं त्यात एक अक्षर नव्हतं. फक्त सुरुवात गळून गेलेली. त्यात पालिकेची माणसं आली, मंगेशच्या टपरीमागे फुलांवर शिंपडायच्या स्वच्छ पाण्याच्या पिंपात त्यांना डासांच्या अळ्या सापडल्या, औषध टाकून गेली. झालं, मग तर लोक म्हणायला लागले, मंगेशने स्वतःच टपरीमागे डेंग्यू पाळला आणि काकांनी निस्तरलं. काकांना सुटायला आयती वाट मिळाली होती. मी त्यांना म्हटलंही, "बघा, पिंपामुळेच झालं." ते म्हणाले, "डास त्याच्या पिंपातला असेल. गोळी माझ्या बरणीतली होती."

त्यानंतर काका काउंटरवर असह्य झाले. पुडी बंद. अंगदुखीची गोळी मागितली की उलटतपासणी सुरू. ताप आहे का? कधीपासून? डोळ्यांमागे दुखतं? हिरड्या दाखव. तापाला एकच साधी गोळी द्यायचे, भरपूर पाणी पी म्हणायचे, रक्त तपासायला पिटाळायचे. ताप उतरला म्हणून हसत आलेल्या माणसाला तर ते दारातच अडवायचे, "हसू नको मेल्या. लघवी होते ना नीट? पोटात दुखतं? उलटी? हात गार पडले तर सरळ इस्पितळ गाठ." लोक वैतागले, पुढच्या चौकातल्या दुकानात जायला लागले. बरं, आजारी माणसांनाच नव्हे, मंगेशला पण सोडत नव्हते. रोज सकाळी टपरीवर जाऊन, "हिरड्या दाखव रे." मंगेश हार ओवता ओवता तोंड उघडायचा, गिऱ्हाइकं हसायची. सुषमा हसायची नाही. ती दोऱ्याला गाठ मारत काकांकडे बघत राहायची.

सांगायचा प्रयत्न त्यांनी केला नाही असं नाही. दिवाळीत फराळाचा डबा घेऊन टपरीवर गेले, मी मागून बघत होते. "मंगेश, तुला एक सांगायचं होतं," एवढं म्हणाले आणि मंगेश त्यांच्या पाया पडायला वाकला. झालं! काका तसेच परत आले. संक्रांतीला तिळगूळ देतानाही तेच. मला म्हणाले, "तो मला देव करतोय गो. देवाने कसं सांगायचं?" मी म्हटलं, "मग नका सांगू, झालं ते झालं." माझ्यावर इतके भडकले की दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत. पण सांगितलंही नाही.

माघी गणपतीत आमच्या गल्लीच्या मंडळाने काकांचा सत्कार ठरवला. शाल, श्रीफळ, फुलांचा मोठा हार. तो अर्थात मंगेशनेच केलेला, पैसे न घेता. काका नाही नाही म्हणत होते, मंडळाच्या पोरांनी ऐकलं नाही. मंडपात बायका-माणसं दाटीवाटीने बसलेली. मंगेशने स्वतः हार घातला. मग अध्यक्षांनी माईक काकांच्या हातात दिला, दोन शब्द बोला म्हणून.

काकांनी माईक दोन्ही हातांनी धरला. म्हणाले, "मी याला वाचवला नाही. मी याला मारत होतो. मी चुकीची गोळी दिली, चिठ्ठीशिवाय, न विचारता, म्हणून याच्या पोटात रक्त झालं. शाल देऊ नका मला."

आणि मग टाळ्या! काय टाळ्या पडल्या हो. माझ्या बाजूच्या बाईने डोळे पुसले. "किती मोठं मन! म्हणजे स्वतःकडे मोठेपणा घ्यायचाच नाही." अध्यक्षांनी माईक घेतला आणि म्हणाले, हाच तो विनय, तरुणांनी शिकावा. मंगेश तर सगळ्यात जोरात टाळ्या वाजवत होता, डोळ्यांत पाणी. काकांनी हात वर करून थांबा थांबा म्हटलं, तशा टाळ्या आणखी वाढल्या. काकांच्या अंगावर शाल घातली. मला जमीन दुभंगावी असं झालं, आणि मी तर नुसती बघणारी. त्यांना काय झालं असेल! ते शाल घेऊन खाली उतरले, तेव्हा त्यांनी माझ्याकडेही बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुकान झाडत होते. काका काउंटरमागे बसलेले, पेपर उलगडलेला पण वाचत नव्हते. सुषमा आली. औषध घ्यायला नव्हती आली. काउंटरवर हात ठेवून उभी राहिली.

"काका, काल सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी नाही वाजवल्या. बघितलंत?"

"बघितलं गो," काका म्हणाले.

"मला डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलेलं. इस्पितळात, दुसऱ्याच दिवशी. ही गोळी द्यायची नसते म्हणाले, आणि तुमच्या काकांनी स्वतःहून सांगितलं म्हणाले."

मी झाडू हातात धरून तशीच उभी राहिले. काकांनी पेपरची घडी घातली.

"मग मला बोलली का नाहीस?" ते म्हणाले. "चार शिव्या घालायच्या होत्यास. दुकानावर येऊन घालायच्या होत्यास."

"मला वाटलं, डॉक्टरला सांगितलं म्हणजे आम्हाला पण सांगतील. दिवाळीला फराळ आणलात, वाटलं आज. संक्रांतीला आलात, वाटलं आज. रोज यांच्या हिरड्या बघायला यायचात, मी रोज वाट बघायची." सुषमाला आयुष्यात एवढं सलग बोलताना मी ऐकलं नव्हतं. तिचा आवाज चढला नव्हता, नाकाचा शेंडा तेवढा लाल झालेला. "मी विचारलं असतं तर तुम्ही हो म्हणाला असतात. ते काय कामाचं, काका? माझा नवरा होता तो. सांगायचं तर आधी मला सांगायचं."

काकांनी चष्मा काढून काउंटरवर ठेवला. "काल सांगितलं मी," ते म्हणाले, इतक्या हळू की ते स्वतःशीच बोलले असावेत.

"ते लोकांना सांगितलंत. यांना अजून काही माहीत नाही. काल रात्री घरी येऊन म्हणतात, काकांसारखा माणूस नाही." सुषमाने पदराने नाक पुसलं. "आता जा आणि त्यांना सांगा. नीट. माईकशिवाय."

आणि ती टपरीकडे गेली नाही. उलट्या दिशेने, घरी निघून गेली. दोघांना एकटं सोडायचं म्हणून, हे मला नंतर कळलं.

एक गिऱ्हाईक आलं, ते मी केलं. मग काका उठले, शर्ट खाली ओढून नीट केला आणि या वेळी फळकूट उचलून, शांतपणे बाहेर गेले. काउंटरवरून टपरी सरळ दिसायची. मंगेशने त्यांना बघताच तोंड उघडून हिरड्या दाखवल्या, नेहमीसारखं. काकांनी बघितल्या नाहीत. त्याने बसायला स्टूल पुढे केलं, काका बसले नाहीत. ते बोलायला लागले. मंगेश आधी हसला, हात झटकून "काय काका तुम्ही पण" असं काहीतरी म्हणाला. काका बोलत राहिले. मंगेशचा हार ओवणारा हात थांबला, मग हसू गेलं, मग त्याने काकांकडे बघणंही सोडलं आणि खाली फुलांकडे बघत बसला. काका अजून बोलत होते, एकेक गोळीचं नाव घेत असावेत, बोटांवर मोजत होते. मला वाटलं, जावं, काकांना हाताला धरून आणावं. नाही गेले. त्यांचं सगळं सांगून होईपर्यंत मी काउंटरवर उभी राहिले.